टायरवर लिहिलेलं असतं

महामार्गावरच्या अपघाताच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं : ‘टायर फुटल्याने चालकाचे गाडीवरील नियंत्रण सुटले.’ आपण चुकचुकतो आणि पान उलटतो. टायर फुटणं दैवाच्या खात्यात जमा होतं, आणि दैवाची चौकशी कोण करणार? तो टायर किती सालचा होता, त्यात हवा किती होती, गाडीत माणसं आणि सामान किती कोंबलं होतं, हे त्या बातमीत मी तरी कधी वाचलेलं नाही.

माझं माहेर नागपूर, सासर छत्रपती संभाजीनगर. पूर्वी जालना, सिंदखेड राजा, मेहकर, कारंजा करत जाण्यात अख्खा दिवस मोडायचा. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. तेव्हापासून सकाळी संभाजीनगरजवळच्या सावंगीला चढायचं आणि दुपारच्या जेवणाला आईकडे पोचायचं, असं सुरू झालं. वेगमर्यादा ताशी १२०. ना गतिरोधक, ना सिग्नल, ना वाटेत भरलेला आठवडी बाजार. माहेरवाशिणीला आणखी काय हवं! पण पहिल्याच उन्हाळ्यात या रस्त्यावर टायर फुटण्याच्या इतक्या गोष्टी कानावर यायला लागल्या की घरातली मोठी माणसं निघताना ‘जपून जा’ म्हणायच्या ऐवजी ‘टायर बघितलेस का’ विचारू लागली. सिमेंटचा रस्ता तापतो आणि टायर फोडतो, हे आमच्याकडे सगळ्यांचं ठाम मत.

१ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस याच रस्त्यावर, सिंदखेड राजाजवळ उलटून पेटली. २५ माणसं गेली. बचावलेल्या चालकाने सांगितलं, टायर फुटला. दिवसभर तेच सगळीकडे फिरत राहिलं. मग अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा अहवाल आला : टायर फुटल्याचा पुरावा जागेवर दिसत नाही. त्या अपघाताचा निवाडा करणारी मी कोणी नाही. मला खटकलं ते एवढंच, की टायर फुटला म्हटल्यावर आपण सगळ्यांनी ते किती चटकन मान्य केलं. कोणी ‘का फुटला?’ असं विचारलंच नाही.

टायर बिचारे निर्दोषच असतात असंही नाही. परिवहन विभागाने त्याच वर्षी समृद्धीच्या प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा झालेले टायर घेऊन आलेल्या गाड्या परत फिरवल्या. गोटा म्हणजे नक्षी पार झिजून गुळगुळीत झालेला टायर. अशा टायरवर लोक बायकापोरांना बसवून ताशी १२० ने निघाले होते. त्यातल्या कित्येक गाड्यांमध्ये टचस्क्रीन असेल, सनरूफ असेल, मागच्या काचेवर देवाचं नाव तर असेलच.

मागच्या वर्षी आमच्या गाडीचे टायर बदलायची वेळ आली तेव्हा मी आधी अभ्यास केला. हा माझा स्वभाव. नवऱ्याच्या मते दोष. वाळूजच्या एमआयडीसीत टायर बनतात, पण आमच्या गावात टायरवरचं वाचून टायर घेणारं गिऱ्हाईक दुर्मीळ, हे दुकानात शिरल्याबरोबर कळलं. मी विचारायचे आणि दुकानदार उत्तर नवऱ्याला द्यायचा.

“साहेब, एकदम फ्रेश माल आहे. ही केसं बघा.”

नव्या टायरवर रबराची बारीक केसं असतात, ती तो दाखवत होता. साच्यात टायर भाजताना हवा बाहेर जायला बारीक छिद्रं ठेवतात, त्यात रबर शिरतं आणि ही केसं तयार होतात. टायर रस्त्यावर धावलेला नाही एवढंच ती सांगतात. गोदामात तो किती वर्षं पडून होता, याची त्या केसांना काय खबर!

टायरचं वय कळतं ते ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत. ही अक्षरं अमेरिकेच्या परिवहन खात्याची, पण छाप जगभर चालतो. त्यापुढे कारखान्याचा संकेत, आणखी काही अक्षरं, आणि शेवटी चार आकडे : पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. सन २००० च्या आधी तीनच आकडे असायचे, त्यामुळे १९८९ आणि १९९९ यांत फरक करणं मुश्कील व्हायचं. यात एक मेख आहे. तारखेसकट पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असली तरी नियमाला पुरते. दुसऱ्या बाजूला अर्धीच ओळ असते. ती पूर्ण बाजू गाडीच्या आतल्या अंगाला गेली की तारीख बघायला जमिनीवर आडवं व्हावं लागतं. आपल्या गाडीच्या टायरवर तारीखच नाही, असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला भेटलेत. ते वाकलेले नसतात, एवढंच.

दुकानात टायर सुटे होते, त्यामुळे आडवं व्हायची वेळ आली नाही. मोबाइलची टॉर्च लावून मी चारही बाजूंनी फिरले. तीन टायर काही महिन्यांपूर्वीचे, चौथा दोन वर्षांपूर्वीचा.

“हा बदलून द्या.”

“मॅडम, टायर काय दूध आहे का नासायला?”

माणूस अगदीच चुकीचं बोलत नव्हता. अंधाऱ्या, थंड जागी नीट ठेवलेला टायर दोन वर्षांत बाद होत नाही. पण रबर म्हातारं होतं हे खरं. हवेतला प्राणवायू, ओझोन, ऊन आणि उष्णता मिळून ते हळूहळू कडक होतं, मग त्याला बारीक भेगा पडतात. हे लांबवायला रबरात मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो-सुटतो तशी ती वर येत राहतात. म्हणूनच महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीचे टायर, नक्षी जशीच्या तशी असूनही, आतून सुकत जातात. परदेशी गेलेल्या मुलाची अंगणात झाकून ठेवलेली गाडी बघा. बहुतेक टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शाबूत असो, टायर काढा. काही मोटार कंपन्या सहा वर्षंच धरतात. या हिशोबात दोन वर्षं गोदामात गेलेली असतील तर ती मी माझ्या पैशांतून का भरावीत? टायर बदलून मिळाला. दुकानदार तेव्हापासून माझ्याशी बोलू लागला.

आता मुख्य आकडा. आमच्या गाडीचा आहे १८५/६५ आर१५ ८८एच. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ हा टक्का : रुंदीच्या ६५ टक्के इतकी साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची, म्हणजे आमच्या टायरची साधारण १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे घातलेला टायर. आणि १५ मात्र इंच, रिमचा व्यास. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी आहे, पण सगळ्या जगाने ती मुकाट्याने पचवली आहे. पुढचे ८८ म्हणजे ८८ किलो नव्हेत. ठरलेल्या तक्त्यात ८८ समोर ५६० किलो लिहिलेलं असतं. ८५ समोर ५१५, ९१ समोर ६१५. आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. एस १८०, टी १९०, यू २००, मग मध्येच एच २१० आणि व्ही २४०. बाराखडीत एच भलत्याच जागी जाऊन बसलाय.

“टी घ्या ना मॅडम, स्वस्त पडेल. आपल्याला कुठे दोनशेने जायचंय?”

यावर दुकानातली सगळी माणसं हसली. खरंच, दोनशेने कोणालाच जायचं नसतं. पण हे अक्षर गाडी किती पळेल हे सांगत नाही. ठरलेला भार घालून टायर त्या वेगाने फिरवला तर तो उष्णता किती सोसतो, हे सांगतं. टायरवरचे वजनाचे, वेगाचे, हवेचे आकडे फिरून फिरून उष्णतेवरच येतात.

हे मला एका गणितामुळे पटलं. आमच्या टायरचा पूर्ण व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी दोन मीटरलाही थोडी कमीच पुढे जाते. ताशी १२० च्या वेगात चाक सेकंदाला सतरा वेळा फिरतं. संभाजीनगर ते नागपूर सव्वाचारशे किलोमीटर धरले तर दोन लाख सतरा हजारांहून जास्त फेरे. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा रस्त्यावर येऊन दबतो आणि पुन्हा सरळ होतो. रबर दाबायला जितकी ऊर्जा लागते तितकी ते सुटताना परत देत नाही. उरलेली आतल्या आत उष्णता होऊन राहते. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो. जास्त दबला की जास्त तापतो. नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. तापलेलं रबर त्यांच्या कडांपाशी तारा सोडू लागतं, आणि एकदा सुटायला लागलं की दर फेऱ्याला थोडं थोडं सुटत जातं. आवाज होतो तो शेवटी. सुरुवात कधीतरी आधी, कमी हवेवर जोरात दामटलेल्या एखाद्या प्रवासात झालेली असते.

म्हणून एकट्या सिमेंटला शिव्या देण्यात अर्थ नाही. रस्ता तापतो हे खरंच, पण टायरला भाजणारी बरीचशी उष्णता त्याच्या पोटातून येते. जुन्या रस्त्यावर दर दहा-वीस किलोमीटरला गाव लागायचं, गतिरोधक लागायचा, मेहकरला चहा व्हायचा. टायर निवायचे. समृद्धीवर आपण एका दमात तीन तास १२० ने जातो, आणि त्याच टायरवर, त्याच हवेवर जातो.

आणि हवा म्हणाल तर आनंदच आहे. पेट्रोल पंपावरचा मुलगा विचारतो, “किती टाकू?” आपण त्यालाच विचारतो, “किती टाकतात?” तो म्हणतो, तीस-बत्तीस. कार कुठलीही असो, तीस-बत्तीस. खरा आकडा चालकाचा दरवाजा उघडल्यावर समोरच्या खांबावर चिकटवलेला असतो. रिकाम्या गाडीसाठी वेगळा, भरलेल्या गाडीसाठी वेगळा. बऱ्याच गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांचाही वेगळा. गणपतीला सात जणं, टपावर सामान, पायाशी नारळाचं पोतं अशी गाडी कोकणात निघते तेव्हा त्या दुसऱ्या आकड्याची गरज असते. टायरवरचे ते ५६० किलोही पूर्ण हवा असतानाचे. हवा उतरली की ऐपत उतरते. टायरवर आणखी एक आकडा असतो, उदाहरणार्थ ४४ किंवा ५१ पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला तितके पाउंड दाब. ती कमाल मर्यादा. तेवढी हवा भरा असा त्याचा अर्थ नाही, पण तसा घेऊन दगडासारखे टायर फुगवणारेही आहेत.

सगळ्यात घातक सल्ला मात्र जाणत्या माणसांकडून येतो : “उन्हाळा आहे, दोन-तीन पाउंड कमीच ठेवा.” तर्क सरळ वाटतो. हवा तापून फुगणार, म्हणून जागा ठेवायची. पण खांबावरचा आकडा थंड टायरचा असतो. सकाळी ३३ भरलेली हवा धावल्यावर ३७-३८ होणार, हे टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. आपण कमी ठेवली की टायर जास्त दबतो आणि ज्या उष्णतेला घाबरून हवा काढली तीच वाढते. वाटेत थांबून तापलेल्या टायरमधली हवा सोडणं तर त्याहून वाईट.

याची भली मोठी किंमत अमेरिकेने मोजली आहे. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. त्यांतले बरेच फोर्डच्या एक्सप्लोरर या गाडीला लागलेले होते. धावता धावता नक्षीचा पट्टाच सुटून यायचा आणि ती उंच गाडी उलटायची. तिथल्या सरकारी यंत्रणेने २७१ मृत्यू या टायरांशी जोडले. टायरच्या घडणीत दोष होताच. इलिनॉयमधल्या डिकेटरच्या कारखान्याकडे विशेष बोट दाखवलं गेलं. पण वादातला दुसरा मुद्दा हवेचा होता. फोर्डने या गाडीला २६ पीएसआय सांगितले होते, आणि या प्रकरणानंतर टायर कंपनी ३० ठेवा म्हणू लागली. तक्रारी सर्वांत जास्त कुठून आल्या? टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना. ऊन, लांब सरळ रस्ते, भरलेल्या गाड्या, वेग. वाचताना मला आपला विदर्भ-मराठवाडाच दिसत होता. त्याच वर्षी तिथे नवा कायदा आला. त्यातून पुढे, २००७ च्या सप्टेंबरपासून, तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत हवा कमी झाली की सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. आता आपल्याकडच्याही बऱ्याच गाड्यांत तो पिवळा दिवा लागतो. तो दिवा लागल्यावर “सेन्सर खराब आहे, दुर्लक्ष करा” म्हणणारा एक भाऊजी प्रत्येक घरात असतो.

नायट्रोजनबद्दल विचाराल तर माझं मत रोखठोक आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. शुद्ध नायट्रोजनमध्ये ओलावा नसतो आणि तो थोडा सावकाश झिरपतो, एवढा फायदा. तापल्यावर फुगायचा नियम दोघांना एकच. नायट्रोजन भरून सहा महिने न बघणाऱ्यापेक्षा साधी हवा भरून दर पंधरवड्याला बघणारा बरा.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगते, कारण ते तसं सगळ्यांना माहीत असतं, फक्त करायचं राहतं. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं असतात. त्या रेषेत नक्षीच्या खाचेत बघा, तळाशी रबराचा छोटा उंचवटा दिसेल. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, आणि कारसाठी कायद्याने टायर संपला. दुचाकीला ही मर्यादा ०.८ आहे. पण कायदा कमीत कमीचा असतो. कसाऱ्याच्या किंवा आंबोलीच्या पावसात खाचांना पाणी बाहेर फेकायला खोली लागते. मी तीन मिलिमीटरच्या खाली घाटात जात नाही. आणि दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे घाला. दुकानात सगळे उलट सांगतात, कारण इंजिन पुढे, स्टेअरिंग पुढे. पण ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी नुसती सरळ जाऊ बघते आणि वेग कमी केला की सावरते. मागची घसरली की गाडी गरकन फिरते, आणि ते सावरणं तुमच्या-माझ्या हातचं नाही.

स्टेपनी बघायची राहूनच जाते. चारही टायर नवे करणारा माणूस डिकीतला पाचवा गाडीबरोबर आलेलाच ठेवतो, आणि भररस्त्यात सात-आठ वर्षांच्या त्या टायरवर सगळा भरवसा. नव्या गाड्यांत तर स्टेपनी गायबच व्हायला लागली आहे. ऑक्टोबर २०२० पासून नियमच तसा आहे. ट्यूबलेस टायर, हवेची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ती नसली तरी चालते. किट नक्षीतल्या खिळ्यावर चालतं, साइडवॉलच्या चिरेवर नाही.

साइडवॉल किती नाजूक असते ते मी त्याच दिवशी दुकानात पाहिलं. आमच्या जुन्या चारपैकी एका टायरला बाजूला फुगा आला होता. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटले की तिथे हवा रबराला बाहेर ढकलते, तो फुगा. दुकानदार म्हणाला, जुने चारही चारशेला एक असे घेतो. ते कुठे जातात हे मला ठाऊक होतं. चांगले दिसणारे पॉलिश मारून, गोटा झालेले नव्याने खाचा पाडून, कोणाच्या तरी गाडीला लागतात. ट्रकच्या काही टायरांवर खाचा पुन्हा पाडता येतील असं कंपनीच लिहून देते. तेवढं रबर त्यांत मुद्दाम ठेवलेलं असतं. कारच्या टायरमध्ये ते नसतं.

“तीन घ्या. फुग्याचा मात्र माझ्यासमोर कापा.”

“कापला तर त्याचे काही मिळणार नाहीत.”

“नकोत.”

सगळे ज्यांना चाचा म्हणत होते त्या वयस्कर फिटरने टायर पायाखाली धरला आणि पाणी लावलेली सुरी साइडवॉलमध्ये घातली. मला वाटलं होतं करवत लागेल. दोन ओढींत वीतभर चीर पडली. “इथे तार नसते ताई,” ते म्हणाले, “लिहिलंय बघा.” खरंच लिहिलेलं होतं, बारीक अक्षरांत : नक्षीखाली एक थर पॉलिएस्टर, दोन पोलाद, एक नायलॉन, साइडवॉलला एक थर पॉलिएस्टर. ५६० किलो तोलणारी भिंत म्हणजे रबर आणि धाग्याचा एक थर. बाकी सगळं काम हवा करते. चिरेच्या कडेला त्यांनी फुग्याखालचे तुटलेले धागे बोटाने उकलून दाखवले. मी फोटो काढला आणि त्या पिवळ्या दिव्याकडे दुर्लक्ष करायला सांगणाऱ्या आमच्या भाऊजींना पाठवला.

बाराशे रुपये वजा करून बिल हातात देताना दुकानदार नवऱ्याला म्हणाला, “साहेब, पुढच्या वेळी यायच्या आधी फोन करा. तारखेची बाजू वर करूनच टायर मांडून ठेवतो.”